टिकली दिसली की दात सोडा

वाचकांचे प्रश्न : दात, तोंड, जबडा

गेल्या अंकात एका वाचकाने विचारले होते, जांभई देताना कानाजवळ 'कट्' वाजते, काय करू? मी लिहिले, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर काहीच करू नका. चार ओळींचे उत्तर. त्यावर अकरा पत्रे आली आणि बहुतेकांचे म्हणणे एकच : आमचे दुखते, त्याचे काय? त्यातली तीन इथे घेते. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझे वय 34. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचे गाव. घरात सासू-सासरे, जेठ-जेठाणी, आम्ही दोघे आणि मिळून चार लेकरे. आठ महिन्यांपासून उजव्या कानाच्या पुढे दुखते. सकाळी उठल्यावर तोंड उघडत नाही. घास चावताना कटकट वाजते. आधी कानाच्या डॉक्टरांनी पाहिले, कान स्वच्छ आहे म्हणाले. मग एका दवाखान्यात अक्कलदाढ काढली. दुखणे आहे तिथेच. आता दुसरे डॉक्टर म्हणतात, रात्री दातांवर घालायची प्लेट करा, 7 हजार लागतील.

आमची निसवलेली, घड लागलेली केळी जूनच्या वादळात आडवी झाली. सोसायटीचे कर्ज आहे. जेठांना वाटणी हवी आहे, त्यावरून घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नाही. एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की मालक 1 वाजता मोटर चालू करायला मळ्यात जातात. तिकडे बिबट्या दिसलेला आहे. ते येईपर्यंत मला झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, "दात दुखस, कान दुखस, कामनं नाव काढं का बठ्ठंच दुखस." मालक काही बोलत नाहीत, पण त्यांनाही तसेच वाटत असेल. खरे सांगा, हे मनाचे आहे का? आणि प्लेट करू का?

उत्तर : ताई, प्लेटचे आधी सांगते, कारण त्यात पैसे आहेत. आत्ता करू नका. रात्री दात खाऊन दाढा झिजत असतील तर प्लेट दाढा वाचवते, तेवढ्यासाठी ती चांगली. सांध्याचे दुखणे नुसत्या प्लेटने जाईल, असे मात्र मी सांगणार नाही. 2023 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल डॉक्टरांसाठी शिफारशी छापल्या. त्यांत शिकवून करून घेतलेला व्यायाम, स्नायू मोकळे करणारी फिजिओथेरपी आणि सवयी-विचारांवर काम करणारे समुपदेशन यांना वरची जागा आहे. प्लेट बरीच खाली आहे. 7 हजार सध्या पेटीतच राहू द्या.

आता 'मनाचे आहे का'. नाही, शरीराचेच आहे. हे वाचता वाचता दोन बोटे कानाच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटांखाली जे सरकते तो सांधा. खालचा जबडा हे एकच हाड, त्याची दोन टोके दोन कानांपुढे कवटीला टेकलेली, आणि प्रत्येक ठिकाणी मध्ये एक लहानशी चकती. तोंड उघडताना हाड आधी बिजागरीसारखे फिरते, मग पुढे घसरते. चकती थोडी सरकलेली असली की घसरताना आवाज येतो. या सांध्याला जी नस जाते तिचेच फाटे कानाच्या नळीलाही जातात, म्हणून दुखते सांध्यात आणि वाटते कानात. तुम्ही आधी कान दाखवलात यात तुमची चूक नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी कानाच्या दवाखान्यातूनच येतात.

आता दात आवळा. गालावर गोळा उठेल, तो चावायचा स्नायू. दाबून पाहा. ओळखीचेच दुखणे उठले, तर सांध्याइतकाच हा स्नायूही दुखतो आहे. दिवसभरात चावणे-गिळणे धरून वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात ते जेमतेम 20 मिनिटे. बाकीचा वेळ ओठ मिटलेले आणि आत दात सुटलेले असायला हवेत. हे पत्र लिहिताना तुमचे दात कुठे होते? माझा अंदाज आहे की टेकलेले होते. रागाने करकर खाण्याची गरज नसते. हलके, पण तासन्‌तास दाबून धरले तरी स्नायू थकतो. हातात रिकामी बादली धरून दिवसभर उभे राहा म्हटले तर खांदा दुखेल, तसेच हे.

सासूबाईंचे वाक्य मी दोनदा वाचले. त्या चिडून बोलल्या असतील, पण निरीक्षण अर्धे बरोबर आहे. कामाचे, भांडणाचे, हिशेबाचे नाव निघाले की दुखणे वाढते, हे खरेच घडते आणि डॉक्टरला ते ऐकायला हवे असते. चुकले ते एवढेच की त्यावरून त्यांनी तुम्हाला नाटकी ठरवले.

ही चूक मीही केली आहे, आणि माझ्या हातात तर मशीन होते. दवाखाना टाकून तीन वर्षे झाली होती, 2001 असेल. धरणगावकडची एक बाई आली, असाच उजवा जबडा. मी तिला चाव्याचा निळा कागद चावायला दिला, एक दाढ उंच दिसली, घासली. आठ दिवसांनी ती परत आली. दुसरी घासली. तिसऱ्या वेळी सोबत तिची बहीण होती. बाहेर बाकावर बसून ती आमच्या कंपाउंडरला सहज म्हणाली की हिचा नवरा सुरतेला गेला आहे, सात महिने पैसा नाही, फोन नाही, आणि ही दिवाळीपासून रात्री जागते. मी त्या बाईला तीनदा खुर्चीवर बसवले होते. एकदाही विचारले नव्हते की झोपता किती. घासलेली दाढ परत वाढत नाही. तेव्हापासून सांध्याच्या दुखण्यासाठी मी कोणाच्या दाताला कानस लावलेली नाही, आणि कोणी तुम्हाला 'चावा बरोबर करून देतो' म्हटले तर तुम्हीही लावू देऊ नका.

पुढे वाचनात आले की हे जगाला आधीच ठाऊक होते. अमेरिकेत सॅम्युएल ड्वॉर्किन आणि लिंडा लरेश यांनी 1992 मध्ये या दुखण्याच्या निदानाची पद्धत आखली, ती दोन रकान्यांची. एका रकान्यात सांधा आणि स्नायू. दुसऱ्यात माणूस : दुखण्यामुळे किती दिवस काम अडले, मन किती खचले आहे. 2014 मध्ये ती पद्धत सुधारली, दुसरा रकाना कायम ठेवला. आपल्याकडच्या केसपेपरवर तो रकाना मला अजून दिसलेला नाही. 2006 मध्ये तिकडेच 'ऑपेरा' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. जबडा अजिबात न दुखणाऱ्या अडीच हजारांहून अधिक लोकांवर काही वर्षे लक्ष ठेवले. दर वर्षी शंभरातल्या साधारण 4 जणांना दुखणे नव्याने लागले, आणि ज्यांना लागले त्यांची झोप त्याच्या आधीच बिघडत आलेली होती. आधी झोप गेली, मग जबडा. तुमच्या पत्रातही क्रम तोच आहे : जूनमध्ये बाग पडली, रात्रीची जागरणे सुरू झाली, त्यानंतर हे दुखणे.

म्हणून 'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य मी तुम्हाला लिहिणार नाही. कर्ज कोणी हौसेने घेत नाही आणि वाटणीचा वाद तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात काय आहे, तेवढेच पाहू.

पहिली गोष्ट, रात्र. मालकांना सांगा की मळ्यात पोचल्यावर एक मिस कॉल आणि मोटर चालू करून निघताना दुसरा. बोलायचे नाही, पैसे लागत नाहीत. पहिला आला की तुम्ही डोळे मिटायचे. हे मी माझ्या एका पेशंटच्या घरून शिकले. तिचा नवरा सुरुवातीला म्हणाला की काय पोरखेळ आहे, मग त्यालाच सवय लागली. जमत असेल तर जेठांनी आणि मालकांनी रात्री आळीपाळीने जावे. बोलत नसले तरी मोटर दोघांची सामाईकच आहे ना? रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात दुपारी अर्धा तास आडवे व्हा. सुनेने दुपारी आडवे होणे घरात कसे दिसते हे मला माहीत आहे. डॉक्टरने सांगितले म्हणा, हवे तर हे पान दाखवा.

दुसरी, ताट. तुम्ही लिहिले नाही, पण अंदाजाने विचारते : तुम्ही शेवटी जेवता ना? म्हणजे तुमच्या वाट्याला येते ती टोपल्याच्या तळाची, गार होऊन कडक झालेली भाकरी. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची असेल तर आणखीच चिवट. म्हणजे घरात ज्याला दुखते, त्याच्याच सांध्याला सगळ्यात जास्त काम. पुढचे सहा आठवडे तुमची भाकरी तव्यावरची गरम, वरणात किंवा दुधात चुरून. खिचडी चालेल, भरीत चालेल, भाजीच्या रश्श्यात भिजलेली शेव चालेल. बिबडे, भाजलेले दाणे, मक्याचे कणीस, ऊस बंद. केळी तर घरचीच आहे, पण अख्खे तोंडात घालायला जबडा फाडू नका, कापून खा. लहान घास, दोन्ही बाजूंनी चावणे. आणि दोन दिवस तरी सगळ्यांसोबत ताटावर बसून पाहा. यावरून घरात कुरबुर होईल. थोडी होऊ द्या.

तिसरी, टिकली. ही युक्ती मला फार आवडते म्हणून सविस्तर सांगते. टिकल्यांचे एक पाकीट घ्या. एक टिकली मिठाच्या डब्यावर, एक आरशावर, एक मोबाइलच्या पाठीवर, एक गोठ्याच्या दाराच्या कडीजवळ लावा. टिकली दिसली की दात सोडायचे. कसे सोडायचे? 'न' म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या, वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली. ओठ मिटा. दात आपोआप सुटतात, खांदेही खाली येतात. एक लांब श्वास सोडा आणि कामाला लागा. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. पहिल्या आठवड्यात तुमच्या लक्षात येईल की दात कुठे कुठे आवळले जातात. माझे स्वतःचे सांगते : सासरे अंथरुणावर होते त्या वर्षी माझाही जबडा धरला होता. मी टिकली दवाखान्याच्या दिव्याला लावली होती. तेव्हा कळले की दुसऱ्याची दाढ काढताना मी माझीच दाबते. तुमच्या बाबतीत ती जागा बहुधा स्वयंपाकघरात सापडेल, जेठाणी शेजारी उभी असताना.

बाकी उपाय साधे आहेत. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालाला आणि सांध्याला 15 मिनिटे, सकाळ-संध्याकाळ. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. गालाखाली हात घेऊन पालथे झोपू नका. तोंड हळूहळू, दुखेल तिथपर्यंतच उघडणे-मिटणे, दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहादा. बोट घालून ताणू नका. मिश्री लावत असाल तर तीही सोडा. गोळी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून विचारून घ्या, मेडिकलवरून स्वतःहून महिनोन्‌महिने नको. पोटाचे आणि किडनीचे नुकसान होते. बहुतेकांना दीड-दोन महिन्यांत फरक जाणवू लागतो. जाणवला नाही, तोंड अचानक अडकले, गालाला सूज किंवा बधिरपणा आला, ताप आला, वजन उतरू लागले, तर थांबू नका. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. मन फारच खचत असेल, जगणे नको वाटत असेल, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.

एक प्रश्न मी हल्ली जबडा दुखणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते, सोबतचे माणूस बाहेर बसवून. कोणी मारले का? 'नळावर पाय घसरला' हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. तुमच्या पत्रात तसे काही नाही, पण हे पान दुसऱ्याही बायका वाचतील, म्हणून लिहिते. थोबाडीत बसलेल्या एका फटक्याने चकती सरकते, हाडाला तडाही जातो, आणि नुसत्या शेक-व्यायामाने ते बरे होत नाही. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आणि मालक काही बोलत नाहीत, त्यावरून 'त्यांनाही तसेच वाटत असेल' असे तुम्ही ठरवून टाकले आहे. विचारले आहे का? ज्या माणसाची निसवलेली बाग आडवी झाली, तोही कदाचित दात आवळून बसला असेल. पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांना घेऊन जा, बाहेर गाडीवर थांबवू नका, आत बसवा. डॉक्टरच्या तोंडून 'हे खरे दुखणे आहे' एवढे त्यांनी ऐकले तर घरातले पुढचे बोलणे तुम्हाला एकटीला करावे लागणार नाही.

प्रश्न : वय 67, निवृत्त शिक्षक, देवपूर, धुळे. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्यात. एकटा राहतो. जिना चढताना किंवा भरभर चालताना डावा जबडा दुखतो, थांबलो की राहतो. लोक म्हणतात, एकटेपणाने होते. कवळी जुनी आहे. बदलावी का?

उत्तर : सर, तुमचे पत्र वाचले त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता, इथे इतरांसाठी लिहिते. चालताना सुरू होणारे आणि थांबताच थांबणारे जबड्याचे दुखणे हे दातांच्या डॉक्टरचे काम नाही. ते हृदयाचे असू शकते. छातीत काहीच न होता नुसत्या जबड्यात कळ येऊ शकते. आधी ईसीजी आणि हृदयाचे डॉक्टर, कवळी नंतर. बसलेले असतानाही कळ आली, घाम फुटला, श्वास लागला तर 108ला फोन करा, रिक्षा शोधत बसू नका.

पन्नाशीनंतरच्या वाचकांना आणखी एक सांगायचे आहे. घास चावता चावता जबडा थकत असेल, विंचरताना डोक्याची कातडी दुखत असेल, कानशील ठणकत असेल, नजर मध्येच अंधुक होत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. रक्तवाहिनीला सूज येणारा एक आजार असा सुरू होतो. उशीर झाला तर दृष्टी जाते.

एकटेपणाचे म्हणाल तर तो खरा आहे, पण त्याच्यावर बिल फाडायच्या आधी बाकीचे सगळे तपासून घ्यावे लागते.

प्रश्न : मॅडम, मी शहाद्याचा. वय 26, पपईची गाडी चालवतो, दिल्लीपर्यंत जातो. वर्षभरात तोंड उघडायचे कमी झाले. आता दोन बोटेही मुश्किलीने जातात. तिखट लागले की आग होते. जबडा आखडल्यासारखा वाटतो. झोप नाही, गाडीचे हप्ते आहेत, टेन्शन भरपूर. गेल्या अंकातले वाचून वाटले, माझाही सांध्याचा त्रास असेल. गोळी सुचवा.

उत्तर : भाऊ, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही, मी लिहिते : रात्री जागे राहायला पुडी लागते. किती? दहा? बारा?

टेन्शनने जबडा दुखतो हे वर तीन पाने सांगितले, पण तुमचे तसे दिसत नाही. टेन्शनने तिखटाची आग होत नाही. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतली कातडी हळूहळू दोरीसारखी घट्ट होत जाते, पांढुरकी पडते, आणि तोंड मिटत चालते. हा आजार पूर्ण मागे फिरत नाही, वाढायचा थांबवता येतो. थांबवला नाही तर त्यातल्या काहींना तोंडाचा कॅन्सर होतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे; तुम्हाला तो कुठे मिळतो ते मी विचारत नाही, तुम्हालाच जास्त माहीत. नुसती सुपारी, 'तंबाखू नसलेला' मसाला, तोही तेवढाच वाईट. हा आजार मुळात सुपारीचाच आहे.

तुमची अडचण मला कळते. माल नासका, वेळेत पोचला नाही तर भाडे कापतात, म्हणून झोप टाळायची आणि झोप टाळायला पुडी. सोबत दुसरा ड्रायव्हर मागा. नाही मिळाला तर ढाब्यावर वीस मिनिटे झोपा आणि उठून चहा घ्या. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप ठेवा. सोडायला मदत हवी असेल तर 1800-112-356 हा तंबाखू सोडवणारा सरकारी क्रमांक फुकट आहे.

शाळेची पट्टी घ्या. तोंड उघडेल तेवढे उघडा आणि वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत मोजा. धडधाकट माणसाचे 40 मिलिमीटर किंवा जास्त भरते. तुमचा आकडा आणि आजची तारीख गाडीच्या कागदांच्या पाकिटावर लिहून ठेवा, आणि गालात कुठे न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा आहे का ते आरशात पाहा. असो वा नसो, नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात दातांच्या विभागात दाखवा. पुढची गाडी भरायच्या आधी, दिल्लीहून आल्यावर नाही.